मसुरीची डाळ, भिंग आणि एक कमेंट

परवाच्या भिंगाकृती दीर्घिकांवरच्या (म्हणजे तबकडी आणि मधे ताऱ्यांचा फुगवटा असलेल्या, पण सर्पिल हात नसलेल्या गॅलेक्सींवरच्या) लेखाखाली एका वाचकांची लांबलचक कमेंट आलीय. नाव दिलेलं नाही म्हणून मी 'सर' म्हणते, सूरही तसाच आहे, वहीवर लाल पेन फिरवल्यासारखा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: मी खगोलशास्त्रज्ञ हबलच्या वर्गीकरणाचं साल चुकवलं, सर्पिल दीर्घिकेतला वायू गेला की ती भिंगाकृती होते ही थिअरी कधीच मोडीत निघालीय आणि आता सगळं विलीनीकरणावर, म्हणजे दोन दीर्घिका एक होण्यावर, येऊन ठेपलंय, मी फोटो टाकलेली एनजीसी ३११५ ही दीर्घिका तर कुठल्या मोठ्या समूहात नाहीच, मग तिचा वायू नेला कोणी, शिवाय तिचा फुगवटा एवढा मोठा कसा. आणि शेवटी हे: "ताई, स्वयंपाकघरातले दाखले देऊन विज्ञान होत नसतं."

सालाचं आधी. चुकलंच. एस-झिरो, म्हणजे भिंगाकृती, हा प्रकार हबलने १९२६ च्या वर्गीकरणात नाही, १९३६ च्या पुस्तकात घातला, तोही अंदाजाने, त्याच्या ट्यूनिंग फोर्कसारख्या आकृतीत लंबवर्तुळाकार दीर्घिकांच्या दांड्याला जिथे सर्पिलांच्या दोन फांद्या फुटतात तिथे काहीतरी असायला हवं म्हणून. थँक्यू.

आता स्वयंपाकघर. मी लिहिलं होतं की ही दीर्घिका कडेने बघितली तर मसुरीच्या दाण्यासारखी दिसते, मधे फुगीर, कडेला निमुळती. सर, 'लेन्स' हा शब्दच मुळी मसुरीवरून आलाय हो, लॅटिनमध्ये मसुरीला लेन्स म्हणतात, भिंगाचा आकार तसा दिसला म्हणून भिंगाला ते नाव पडलं. म्हणजे डाळ आधी, भिंग नंतर! हा दाखला मी माझ्या ओट्यावरून उचललेला नाही. आणि कोणी पुरुषाने क्रिकेटच्या बॉलचा दाखला दिला असता तर त्याला तुम्ही "दादा, मैदानावरचे दाखले नकोत" म्हणाला असतात का, एवढंच विचारते आणि सोडून देते.

सोडत नाही खरं तर. दुर्बिणीचा आठ इंची आरसा मी स्वतः घासलाय, इंदिरानगरच्या घरी, कार्बोरंडमची पूड टाकून, रोज रात्री पोरं झोपल्यावर, दोन-अडीच महिने, आणि तेव्हा घरात सगळे म्हणायचे हिला काय झालंय. त्याच दुर्बिणीतून हरसूल रोडला एका ओळखीच्यांच्या मळ्यात मार्च महिन्यात एनजीसी ३११५ बघितलीय, चरख्याच्या चातीसारखी, दोन्ही टोकं अगदी टोकदार. १७८७ मध्ये विल्यम हर्शेलला सापडलेली, सव्वातीन कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास. तुम्ही कुठून बघितलीत ते लिहिलं नाहीत.

आता "मोडीत निघाली" या शब्दांबद्दल. खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन ड्रेसलरने १९८० मध्ये ५५ दीर्घिकासमूह तपासले, तर जिथे दाटी जास्त तिथे सर्पिल कमी आणि भिंगाकृती जास्त. पुढे हबल दुर्बिणीने लांबचे, म्हणजे साधारण ५०० कोटी वर्षांपूर्वीचे समूह दाखवले, त्यात लंबवर्तुळाकार जवळपास आजच्याइतक्याच, पण भिंगाकृती दोन-तीन पटीने कमी आणि सर्पिल भरपूर. मग मधल्या काळात त्या सर्पिल गेल्या कुठे? कोणीतरी उत्तर द्या मला.

वायू जातो तो दोन तऱ्हांनी. एक म्हणजे गन आणि गॉट यांनी १९७२ मध्ये मांडलेली: समूहातल्या दीर्घिकांच्या मधे कोट्यवधी अंश तापलेला विरळ वायू भरलेला असतो, त्यातून दीर्घिका सेकंदाला हजारेक किलोमीटरने घुसली की तिचा स्वतःचा वायू मागे उडतो, बाइकवर कसारा घाट उतरताना टोपी उडते तसा, आणि वेग दुप्पट झाला तर मारा चौपट. तारे मात्र जागेवर राहतात, ते कुठे उडणार. ईएसओ १३७-००१ या दीर्घिकेचे फोटो बघा, मागे शेपट्या लोंबतायत. दुसरी तऱ्हा सावकाश, लार्सन, बिअ‍ॅट्रिस टिन्सली आणि कॉल्डवेल यांची, १९८० ची. गंगापूर धरणाचं पाणी बंद झालं तरी गच्चीवरच्या टाकीत आहे तोवर नळ चालतो ना, तसं: बाहेरून येणारा वायू थांबतो, असलेल्यातून काही अब्ज वर्षं तारे बनत राहतात, मग निळे तारे संपतात, सर्पिल हात विरतात, आणि म्हातारे पिवळे तारे असलेली गुळगुळीत तबकडी उरते. (हा दाखला स्वयंपाकघरातला नाही, गच्चीवरचा आहे. चालेल?)

आणि तबकडी खरंच उरते. अ‍ॅटलास-थ्रीडी नावाच्या पाहणीत २६० लंबवर्तुळाकार आणि भिंगाकृती दीर्घिकांतल्या ताऱ्यांचे वेग मोजले, त्यातल्या ८६ टक्के व्यवस्थित गरगर फिरणाऱ्या निघाल्या. दोन तुल्यबळ दीर्घिका आपटून विलीन झाल्या की पुष्कळदा हे फिरणं विस्कटतं. विलीनीकरण होतच नाही असं मी कुठे म्हटलंय? छोटी दीर्घिका मोठीत मुरली तर तबकडी टिकू शकते, आणि लहान गटांमधे, जिथे वेग कमी असतात, तिथे तोच रस्ता जास्त शक्य आहे. माझ्या लेखात ते एका ओळीत होतं, तुम्ही ती ओळ वाचली नसणार कारण तोवर तुम्ही डाळीवर अडकला होतात.

राहता राहिला एनजीसी ३११५ चा वायू आणि तिचा फुगवटा. हो, ती बऱ्यापैकी एकटीच आहे. हो, नुसती तबकडी फिकी पडून फुगवटा स्वतःहून जास्त तेजस्वी होत नाही, तारे कुठून तरी मधे यावेच लागतात. हे मी पुढच्या लेखात घेणारच होते, तुमच्या कमेंटमुळे नाही, आधीपासूनच ठरलेलं होतं.

लेखात १९२६ चं १९३६ केलंय, पेज रिफ्रेश करून बघा. मसूर तशीच ठेवलीय.