आंबट उग्र वासाचे रसायन
काल सकाळपासून मी आमच्या कॉलनीत हातभट्टीवाला आहे.

झालं ते एवढंच. अर्धापूरची केळी आणि जालन्याची मोसंबी आमच्या नांदेडात मुबलक, त्यामुळे घरात साली कायम. त्या आंबवून गुलाबाला खत (बायोएन्झाइम) करावं म्हणून कॅनमध्ये तीनशे ग्रॅम गूळ, नऊशे ग्रॅम साली आणि तीन लिटर पाणी भरलं. एकास तीनास दहा, मुक्काम ९० दिवस. पहिला महिना रोज झाकण उघडून गॅस सोडायचा असतो. आम्ही लग्नाला लातूरला गेलो, तीन दिवस राहिलो. परत येऊन झाकणाला हात लावला तर ते थेट शेजारच्या काकांच्या वाळत घातलेल्या बनियनवर.

काका दारूबंदी खात्यातून रिटायर झालेत. बनियन हुंगतच आले.

"काय बनवायलाव, सर?"

"खत आहे काका. मोसंबीच्या साली, केळीच्या साली अन् गूळ."

'गूळ' म्हणताच त्यांनी डोळे मिटले. आमच्या लग्नातल्या सनईनं कुणाचे मिटले नसतील असे.

"दिवस किती झाले?"

"बावीस."

"नवसागर?"

"छे हो!"

"नाही?" काकांचा चेहरा पडला. "मग जोर कशाचा येईल त्याला?"

म्हणजे गुन्हा तर गुन्हा, तोही मला धड जमला नव्हता. मग फाटकात उभं राहून त्यांनी खणखणीत आवाजात पंचनामा सुरू केला, "आंबट उग्र वासाचे गूळमिश्रित रसायन, प्लास्टिक कॅन एक, अंदाजे चार लिटर. १९४९ चा कायदा, कलम ६५." पंच दोन लागतात. एक दूधवाला सापडला. दुसरी माझी बायको.

"मला आधीच वास येऊ लागला होता," ती म्हणाली. तीनशे ग्रॅम गुळात किती पुरणपोळ्या झाल्या असत्या, हेही तिनं पंचांसमक्ष नोंदवलं.

चीड याची, की काकांचं नाक चुकलेलं नव्हतं. यीस्ट आधी साखरेचं अल्कोहोलच करतं, कार्बन डायऑक्साइड सोडतं (झाकण त्यानंच उडवलं), मग जिवाणू त्या अल्कोहोलचा सिरका करतात. मी हे सांगायला गेलो. 'अल्कोहोल' एवढाच शब्द दूधवाल्यानं ऐकला आणि पुढच्या सात घरी दुधाबरोबर पोचता केला.

याच कॉलनीत मोकळ्या प्लॉटवर लिंबाचा पाला, प्लास्टिक, जुन्या चपला, सगळं एकत्र पेटवतात. माझा पोरगा रात्रभर खोकतो. तो वास कुणाला येत नाही, त्याला कुणी पंच मिळत नाही. उलट पेटवणारे गृहस्थ मला परवा म्हणाले, "पर्यावरणाचं बघायला पाहिजे, सर." मी हो म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

असो. मुद्देमाल नष्ट करावा लागतो म्हणे. मी नको नको म्हणेपर्यंत काकांनी अख्खा कॅन गुलाबाच्या बुडाशी ओतला. ते भरपूर पाण्यात पातळ करूनच घालायचं असतं. आहे तसं आम्लच की ते! आमच्या उन्हाळ्यात जपून वापरलेलं तीन लिटर पाणी गेलं, ते वेगळंच.

आज गुलाबानं माना टाकल्यात. काका भिंतीवरून वाकून बराच वेळ बघत होते.

"झाडालाबी चढली की हो, सर."