ट्रकच्या आडोशाने बोडेनझे

"वेगमर्यादाच नाही म्हणजे मजा आहे लेका तुझी," असं पुण्यातले मित्र फोनवर म्हणतात. मजा आहे, नाही म्हणत नाही. पण ती माझ्या मागच्या गाडीतल्या माणसाची.

मी जर्मनीत असतो आणि ऑटोबानवर, म्हणजे इथल्या महामार्गावर, ट्रकच्या मागे राहतो. हा माझा मूळ स्वभाव नव्हे. पुण्यात पंधरा वर्षं गाडी हाकलीय, तीही दिवाळीच्या आदल्या रविवारी लक्ष्मी रोडला. पण भारतीय लायसन इथे सहा महिनेच चालतं. मग पुन्हा शाळा, पुन्हा लेखी, पुन्हा प्रात्यक्षिक. आमचे मास्तर शेजारी बसून दर अर्ध्या मिनिटाला "शुल्टरब्लिक!" असं खेकसायचे. म्हणजे नुसत्या आरशावर विसंबू नकोस, मान वळवून खांद्यावरून बघ. पहिल्या परीक्षेत मी नापास झालो. कारण: विनाकारण हळू चालवणे. घरी मी सिग्नल तोडला म्हणून नापास झालो असं सांगितलं. त्यात निदान थोडी इज्जत होती.

नियम तसा सोपा. उजवीकडून चालायचं, ओव्हरटेक फक्त डावीकडून, आणि झालं की मुकाट्याने परत उजवीकडे. कुणाला उजवीकडून ओलांडलंत तर 100 युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गच्या दप्तरात, म्हणजे चालकांच्या गुन्ह्यांच्या सरकारी नोंदवहीत, एक पॉइंट. आठ झाले की लायसन गेलं. 130 चा वेग ही नुसती शिफारस आहे, आणि शिफारशीचं पुढे काय होतं ते मराठी माणसाला सांगायला नको. 1973 च्या तेलटंचाईत सरकारने 100 ची मर्यादा घालून पाहिली. जेमतेम चार महिने टिकली. 'मुक्त नागरिकांना मुक्त रस्ता' अशी घोषणाच निघाली तेव्हा. एरवी हाच मुक्त नागरिक रविवारी रिकामी बाटली काचकचऱ्याच्या पेटीत टाकत नाही, आवाज होतो म्हणून.

तर आई आली होती. शुक्रवारी दुपारी तिला घेऊन श्टुटगार्टहून बोडेनझे या मोठ्या तळ्याकडे निघालो, ए-81 या ऑटोबानने. हा रस्ता पुढे बराचसा दोनच लेनचा. थोड्या वेळाने तो पांढरा गोल बोर्ड आला, काळ्या तिरक्या रेघांचा: मर्यादा संपली. तो दिसला की आजूबाजूच्या गाड्यांच्या अंगात येतं. मी ट्रक शोधतो.

सापडला. मागच्या दारावर 90, 80, 60 असे तीन गोल स्टिकर, बाजूला 'ड्रायव्हरला इथलं दिसत नाही' अशा अर्थाची फ्रेंच पाटी, एका बिजागरीला निळी नायलॉनची दोरी, आणि वाळलेल्या चिखलात कुणीतरी बोटाने काढलेला बदाम. ना लिंबू-मिरची, ना शेर. हे सगळं मला पाठ आहे, कारण तासभर मी दुसरं काही पाहिलंच नाही. वाटेत नेकार नदीच्या खोऱ्यावरचा 127 मीटर उंचीचा पूल लागला, तो आईने पाहिला. मी बदाम पाहत होतो.

"किती वेळ रे याच्या मागे?" आई म्हणाली. "जा की पुढे."

"मागून येतात गं."

"कोण येतंय? रस्ता रिकामा आहे."

इथेच तर सगळी गोम आहे. रस्ता रिकामाच असतो. आरशात फार तर एक ठिपका असतो. पण मी 90 ने आणि ठिपका 200 ने, म्हणजे तो सेकंदाला तीस मीटर माझ्या जवळ येतोय. मी आरसा बघतो, सिग्नल देतो, मास्तरांना स्मरून मान वळवतो, आणि मान सरळ होईपर्यंत ठिपक्याला दिवे, जाळी आणि चिडका चेहरा फुटलेला असतो. मी सिग्नल बंद करतो. असं सात वेळा झालं. "नुसतं टिकटिक करतोस," आई म्हणाली.

आठव्या वेळी टिकटिक ट्रकने केली. त्याच्या पुढे आणखी एक ट्रक होता. तो 86 ने, आमचा 88 ने. याला इथे 'हत्तींची शर्यत' म्हणतात. असं ओव्हरटेकिंग साधारण 45 सेकंदांत उरकावं, असं एका कोर्टाने म्हणून ठेवलंय. आमच्या हत्तीला ते कुणी कळवलं नसावं. तो डावीकडे गेला. मला काय वाटलं कोण जाणे, मीही त्याच्या मागोमाग गेलो.

काय सांगू! डावी लेन आणि मी निर्धास्त. पुढे चाळीस टन आहेत; मी हळू चालवतोय असं कोण म्हणेल? मागे मात्र रांग लागली. पहिला एक राखाडी स्टेशनवॅगनवाला, टकलू. कपाळाला बोट लावून 'वेडा आहेस का' असं विचारलं तर इथे अपमानाचा खटला होऊ शकतो. म्हणून त्या कायदेभीरू माणसाने आधी दिवे मारले, मग स्टिअरिंग सोडून दोन्ही हात वर केले.

"नमस्कार करतोय का रे तो?" आईने मागे वळून विचारलं.

हत्ती उजवीकडे आला, मीही आलो, टकलू गोळीसारखा निघून गेला. आणि रोटवाइलच्या अलीकडे सगळंच थांबलं. डावीकडच्या गाड्या पार डाव्या कडेला, उजवीकडच्या उजव्या कडेला, मधे लांबच लांब मोकळी वाट.

"अरे, मधे एवढी जागा आहे, घाल की!"

"आई, 240 युरो, दोन पॉइंट आणि महिनाभर लायसन जप्त."

तेवढ्यात मधल्या वाटेने अॅम्ब्युलन्स गेली. आई गप्प झाली. मग म्हणाली, "वारीत देतात तशी वाट दिली की रे!" ऑटोबानबद्दल तिने काढलेला हा एकमेव बरा शब्द.

रांग थोडी सरकली तेव्हा डावीकडे राखाडी स्टेशनवॅगन दिसली. दोनशेने जाऊन तो आमच्या खिडकीला खिडकी लावून उभा होता आणि उकडलेलं अंडं सोलत होता. मला झालेला आनंद फारसा सुसंस्कृत नव्हता. आईने डब्यातून दशम्या काढल्या. आम्हीही जेवलो.

वाट मोकळी झाल्यावर पुन्हा टकलू ठिपका, पुन्हा बदाम. दहाएक किलोमीटर छान गेले आणि ट्रकने उजवा सिग्नल दिला. विश्रांतीचा थांबा होता. युरोपात साडेचार तास चालवलं की ट्रकवाल्याला 45 मिनिटं थांबावंच लागतं. पुढे रिकामा रस्ता होता, आरशात ठिपका होता.

मीही उजवा सिग्नल दिला. "चहा घेऊ," मी आईला म्हटलं. तिने मागितला नव्हता.

पंचेचाळीस मिनिटांनी त्याने इंजिन सुरू केलं, तेव्हा आम्ही पट्टे लावून तयार होतो.