पुस्तक सुचवणाऱ्याची साडेसाती

'रिव्हर्स ऑफ लंडन' हे पुस्तक मी आत्तापर्यंत चार वेळा विकत घेतलंय आणि आज घरात एकही नाहीये. चारही कॉप्या कोणाकोणाकडे आहेत ते पाठ आहे मला, पण मागायची सोय नाही, मागितलं की 'अरे वाचतोय ना, वेळच मिळेना' असं उत्तर येतं आणि ऑफिसमधला एक जण तर हे 2019 पासून सांगतोय.

मुळात लफडं होतं ते 'काय आहे त्यात?' या प्रश्नापाशी. 'लंडनचे पोलीस असतात आणि ते जादू करतात' एवढं म्हणलं की समोरच्याचा चेहरा असा होतो की जणू मी त्याला पंचेचाळिशीत चांदोबाची वर्गणी भरायला सांगतोय. मग 'ते चष्मेवाल्या पोराचं का?' नाही रे बाबा. मग 'आपले पोलीस काय कमी जादू करतात!' इथे मी हसतो, गरज मला आहे ना.

आता खरं काय आहे सांगू का, पीटर ग्रँट नावाचा नवशिका कॉन्स्टेबल जानेवारीच्या थंडीत कोव्हेंट गार्डनला खुनाच्या जागेवर पहारा देत उभा असतो, बरोबरची लेस्ली कॉफी आणायला गेलेली, आणि एक माणूस येऊन म्हणतो मी खून बघितला, फक्त तो माणूस मेलेला असतो. आणि हा पठ्ठ्या घाबरायचं सोडून भुताचा जबाब घ्यायला लागतो! मला तर तिथेच हे पुस्तक आवडलं. पुढे त्याला नाइटिंगेल नावाचा साहेब भेटतो, जन्म 1900 चा, दिसायला चाळिशीचा, तो याला शिष्य करून घेतो. पण जादू म्हणजे छू मंतर नाही हां, नुसता हातावर उजेड पाडायला बिचारा कित्येक दिवस घासतो, आणि जवळ चालू मोबाइल असेल तर आतल्या चिपची वाळू होते. मग हा मोबाइलला बॅटरी तोडायचं बटण बसवून घेतो. वर सगळ्याचे रिपोर्ट लिहायचेच. ज्याने एकदा तरी सरकारी फॉर्म तीन प्रतींत भरलाय त्याला हे कळायला हवं की नाही? नाही कळत.

न्यूजर्सीच्या भाच्याचं तर वेगळंच. तो म्हणाला मामा, या नावाचं इथे दिसत नाही, त्याच लेखकाचं 'मिडनाइट रायट' आहे, घेऊ का? मी म्हणलं अजिबात नाही, ही मालिका आहे, पहिल्यापासूनच वाचायचं, क्रम चुकवायचा नाही. तीन आठवडे पोरगं शोधत बसलं आणि मग कळलं की अमेरिकेत तेच पुस्तक 2011 ला त्या नावाने छापलेलं. आता तो मला पुस्तकांबद्दल काही विचारत नाही.

शेवटी पुस्तक कळलं कोणाला, तर वाईच्या आत्याला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, टीव्ही बंद, म्हणाली काहीतरी सांग रे. मी भुतावरनं सुरू केलं, तिने जांभई दिली. मग नद्यांवर आलो. म्हणलं आत्या, त्यात थेम्स नदी बाई आहे, नायजेरियातून नर्सिंग शिकायला आलेली. नदीत जीव द्यायला गेली आणि नदीच होऊन बसली. आणि म्हातारा थेम्स वेगळा, 1858 ला लंडनच्या गटारांचा असा काही वास सुटला की तो शहर सोडून वरच्या अंगाला गेला तो गेलाच, आता दोघांची हद्दीवरनं भांडणं.

"मग त्यात नवल काय?" आत्या म्हणाली. "नदी बाईच असायची. घाण टाकल्यावर रुसणारच की."

जिच्या दारात दरवर्षी कृष्णाबाईचा उत्सव होतो तिला मी अर्बन फँटसी, म्हणजे शहरात घडणाऱ्या जादूच्या गोष्टी, समजावत होतो! उपनद्या म्हणजे थेम्सबाईच्या पोरी. फ्लीट आणि टायबर्न लंडनच्या रस्त्याखालून वाहतात हे ऐकून तिला फार वाईट वाटलं, "झाकून टाकल्या होय गं बायांनो," पण टायबर्नचा तोरा ऐकल्यावर ती 'थोरल्या वन्सं' झाली. बेव्हर्ली ब्रुक मात्र लाडकी, तिचं त्या पोलिसाशी जमतंय का एवढंच रोज रात्री साडेआठला फोन करून विचारायची. मी आपला पुढचं वाचून ठेवायचो आणि सांगायचो, जरा मीठमसाला लावून.

परवा फोन आला, "अरे, म्हाताऱ्याची हद्द नक्की कुठनं?" म्हणलं टेडिंग्टनपासनं वर, भरतीचं पाणी तिथपर्यंतच येतं, पण तुला कशाला? तर भिशीत विचारत होत्या.

चौथी कॉपी तिच्याकडे आहे. इंग्रजी येत नाही, पण कव्हरवर लंडनचा नकाशा आहे ना, डोळा बरा झाल्यापासून भिंग घेऊन बसते आणि बेव्हर्ली शोधते. मागितली तर म्हणाली, सापडली की देते.