‘अडीच तास नुसता बसून राहिला’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुमचा कॉम्प्युटर दुरुस्त करून गेल्यावर चौथ्या दिवशी तुमचा फोन आला तेव्हा मी दुसऱ्या कामात होतो. "रीस्टार्ट करून बघा" एवढंच म्हणून फोन ठेवला आणि पुढचे दोन दिवस उलट फोन केला नाही. ती चूक माझी. त्याबद्दल माफी मागतो.

पण बाकीचं मनाला लागलंय. तुम्ही लिहिलंय की कनेक्शन १०० एमबीपीएसचं, स्पीड टेस्ट ९४ दाखवते, तरी ब्राउझर हँग होतो. "पाठवलेला माणूस अडीच तास काळ्या स्क्रीनकडे बघत नुसता बसून राहिला, दहा मिनिटांचं काम, वर टॅब जास्त आहेत म्हणे, नाचता येईना अंगण वाकडं". आणि चार दिवसांत परत तेच. एक तारा.

सर, पाठवलेला माणूस वगैरे कोणी नव्हता. तो मीच. हा व्यवसायही माझाच आहे, आणि हा रिव्ह्यू आता सगळ्यात वर दिसतो.

त्या काळ्या स्क्रीनबद्दल आधी सांगतो. तुमचा ब्राउझर सारखा हँग होत नव्हता, मधूनच व्हायचा. जो बिघाड मधूनच येतो, तो यायची वाट बघावीच लागते, त्याला इलाज नाही. त्या खिडकीत पिंग चालू होता, म्हणजे दर सेकंदाला बाहेर एक हाक जाते आणि उत्तर किती वेळात आलं ते दिसतं. एक खिडकी राउटरला, दुसरी बाहेरच्या सर्व्हरला. राउटरकडून २ मिलिसेकंदांत उत्तर, बाहेरून १९-२०. पस्तिसाव्या मिनिटाला ब्राउझर अडकला. माउस हलत होता, पण क्लिक लागत नव्हतं, टाइप केलेली अक्षरं दिसत नव्हती. आणि त्या बारा-तेरा सेकंदांतही पिंगचे आकडे तेच, १९, २०, १९. एकही उत्तर चुकलं नाही. त्याच क्षणी लाइन, राउटर, वायफाय सगळे संशयातून सुटले आणि चोर मशीनच्या आत आहे हे कळलं. नाहीतर तुम्ही इंटरनेटवाल्यांशी अजून महिनाभर भांडत बसला असता. मला बसलेला बघितलंत ते हे काम होतं.

स्पीड टेस्ट खोटं बोलत नव्हती. पण ती जवळच्या सर्व्हरवरून एकदम मोठा डेटा ओढून बघते. साधं वेबपेज उघडताना शंभरेक बारीक फायली वीस-तीस ठिकाणांहून गोळा होतात आणि मग त्यांचं पान मांडायचं काम तुमचा प्रोसेसर आणि मेमरी करतात. टेम्पोभर सामान एका खेपेत आणणं वेगळं आणि शंभर वेळा जिना चढून एकेक पुडी आणणं वेगळं.

तुमच्याकडे एक नाही, दोन दुखणी होती. पहिलं, डीएनएस. साइटच्या नावावरून पत्ता सांगणारा पहिला सर्व्हर कोणीतरी कधीकाळी हाताने टाकून ठेवला होता आणि तो आता उत्तरच देत नव्हता. मशीन आधी त्याला विचारणार, एखाद-दोन सेकंद ताटकळणार, मग दुसऱ्याकडे जाणार, आणि हे पेजमधल्या प्रत्येक नव्या नावासाठी. नवी साइट आधी कोरी राहून मग एकदम उघडायची ती त्यामुळे. टेस्टला हे कळत नाही, कारण आकडा मोजायला लागेपर्यंत नाव सापडलेलं असतं. ते मी बदललं आणि चार दिवसांनंतरही ते दुखणं परत आलेलं नाही. रिव्ह्यूत त्याचा उल्लेख नाही.

दुसरं, हँग. ४ जीबी रॅम म्हणजे मेमरी, जुनी फिरती हार्ड डिस्क, दोन अँटिव्हायरस आणि १४ एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवतं आणि तो परत मागताना डिस्क १०० टक्क्यांवर जाऊन बसते. कोण किती मेमरी-डिस्क खातंय ते सांगणारा टास्क मॅनेजर तुम्हाला दाखवला होता. इनकॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खाजगी खिडकीत, तो बऱ्यापैकी चालला, तिथे एक्स्टेन्शन सहसा बंद असतात, म्हणून त्यांच्यावर संशय. निम्मी बंद, निम्मी चालू, असं करत करत एक सवलतीचे कूपन शोधणारं सापडलं. शिफ्ट आणि एस्केप दाबून ब्राउझरचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडला तर ते एकटंच प्रोसेसर खात होतं. दहा मिनिटं लागली ती ते काढायला, सापडायला नाही.

आता टॅब. मी सहज म्हणालो नव्हतो, मोजून सांगितलं होतं: ६३. तुम्ही म्हणालात सगळे लागतात, म्हणून एकेक उघडून बुकमार्क केले, त्यात मध्ये तुमचा एक फोन आला, ४० मिनिटं गेली. दुसरा अँटिव्हायरस काढताना आणि नंतर मिळून तीन रीस्टार्ट झाले. ती डिस्क एका रीस्टार्टला सहा-सात मिनिटं घेते. तेवढा वेळ मी बसलो होतो, कबूल. उभं राहून ती लवकर सुरू झाली असती तर उभा राहिलो असतो.

फॉरमॅट मारून, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकून, दीड तासात मोकळा होता आलं असतं. बरेच जण तेच करतात आणि गिऱ्हाइकालाही काम झाल्यासारखं वाटतं. मी करत नाही. आणि वेळेप्रमाणे पैसे मी लावलेच नव्हते सर, ठरलेलेच घेतले. हे तरी लिहायला हवं होतं.

परत हँग का झालं? नंतरच्या फोनवर तुम्ही एक्स्टेन्शनची नावं वाचून दाखवलीत ती ११ होती. मी निघालो तेव्हा ३ होती. कूपनवालं परत आलं होतं. घरात कोणी टाकलं ते मला माहीत नाही आणि विचारतही नाही. एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा आणि रॅम वाढवा हे मी जाताना सांगितलं होतं. "इंटरनेट फास्ट असताना मशीनवर खर्च कशाला" असं उत्तर मिळालं. तो तुमचा निर्णय. पण मग अंगण खरंच वाकडं होतं, एवढं तरी माना.

हे सगळं तिथेच कागदावर लिहून द्यायला हवं होतं, हेही मान्य करतो. यापुढे काय केलं ते लिहून देऊ, किती वेळ लागेल ते आधी सांगू, फोनचंही काहीतरी बघतोय.

परवा एका नव्या गिऱ्हाइकाने फोनवर विचारलं, "तुम्हीच का ते, नुसते बसून राहणारे?" हसून बोलला, पण आला नाही.

मशीन परत बघून देतो, त्याचे पैसे नकोत. या आठवड्यात कुठल्याही दिवशी संध्याकाळी सांगा. येण्याआधी टॅब तेवढे कमी करून... असू द्या. मीच बघतो.