क्लिपमध्ये नाचणारा तो मुलगा माझा भाचा आहे

आज सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर दहीहंडीची एक क्लिप आली. जेमतेम वीस सेकंदांची. स्टेजवर सिनेमातलं गाणं, मागे साहेबांचा दोन मजली फोटो आणि खाली भिजलेली पोरं बेभान नाचतायत. सोबत लिहिलंय, 'ही आपली तरुण पिढी. उद्या हेच मतदान करणार.' त्याखाली कपाळावर हात मारणारे इमोजी. मी मोजले, अकरा.

त्यातला डावीकडचा, मनगटाला निळी पट्टी बांधलेला मुलगा माझा भाचा आहे. माझ्या धाकट्या बहिणीचा.

वीस वर्षांचा आहे. भांडुपला राहतो, पथकात तिसऱ्या थराला असतो. गुरुपौर्णिमेपासून रोज रात्री सराव. आणि पहाटे पाचला उठून पोलीस भरतीसाठी सोळाशे मीटर धावतो, तेही वर्षभर. त्या धावण्याची क्लिप कोणी काढली नाही. पहाटे पाचला क्लिप काढणारे झोपलेले असतात.

त्या वीस सेकंदांनंतर काय झालं ते सांगते. पथक साडेतीन तास ओल्या कपड्यात ताटकळत उभं होतं, कारण साहेब यायचे होते. शेवटी नंबर लागला. सात थरांची सलामी द्यायची होती, पाच लागले होते, आणि माईकवरून आवाज आला, 'गोविंदा, जरा थांबा, साहेब आलेत, आधी सत्कार होऊ द्या.' म्हणजे खांद्यांवर माणसं घेऊन उभं राहायचं आणि वर शाल-श्रीफळ चालायचं! खालच्या कोणाचा तरी गुडघा हलला. वरचं पोरगं दोरीला होतं म्हणून लटकून वाचलं, बाकी सगळे खाली आले. भाच्याचं उजवं मनगट मोडलं. माईकवरून पुढच्या पथकाला तयार राहायला सांगितलं आणि गाणं परत सुरू झालं.

तेव्हा कपाळावर हात कोणासाठी मारायचा, ते जरा ठरवा.

राजकारणात गाणं-नाच आला म्हणून मला काही वाटत नाही. आपण मराठी माणसं आहोत. सत्यशोधकांचे जलसे, आंबेडकरी जलसे आपलेच. माझ्या वडिलांनी पंधराव्या वर्षी परळला शाहीर अमर शेखांना ऐकलं होतं, संयुक्त महाराष्ट्राच्या दिवसांत. अण्णाभाऊ साठे, गवाणकर, अमर शेख डफावर थाप मारायचे ती पोरांना काहीतरी सांगायला. मुंबई कोणाची, गिरणीत राबतो कोण, हे वडिलांना आधी गाण्यातून कळलं, पेपरातून नंतर. त्या गाण्याने त्यांना विचारात पाडलं. आजचं गाणं पोरांना साहेब येईपर्यंत नुसतं थांबवून ठेवतं. मला राग याचा आहे.

आणि आमच्या वयाच्यांनी तर बोलूच नये. १ नोव्हेंबर १९९६ ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात मायकल जॅक्सन आला होता, शिव उद्योग सेनेसाठी. मराठी तरुणांना रोजगार मिळावा म्हणून ती संस्था काढलेली. मी बीएला होते, मैत्रिणीच्या भावाने पास आणले, गेले. घसा बसेपर्यंत ओरडले. रोजगाराचं पुढे काय झालं, हे आमच्यापैकी एकीनेही विचारलं नाही. त्या रात्री आमची क्लिप निघाली असती तर?

२०१९ च्या लोकसभेला सत्ताधाऱ्यांविरुद्धच्या राज ठाकरेंच्या 'लाव रे तो व्हिडिओ' सभांची काय हवा होती! कॉलेजातली पोरं सभा मोबाईलवर बघायची, पाठ करायची. निकाल आला तेव्हा सत्ताधारी भाजप-शिवसेना युतीलाच ४८ पैकी ४१ जागा. पोरं मजा घेतात आणि मत आपल्याला हवं तिथेच देतात. भाच्याचं पथक दहीहंडीच्या दिवशी चार हंड्या फिरलं, चारही वेगवेगळ्या पक्षांच्या. दिलेला टी-शर्ट पुढच्या ठिकाणी उलटा करून घातला. त्यांना सगळं कळतं. साहेबांचं भाषण सुरू झालं की पोरं मोबाईल काढतात, ते बघा कधीतरी नीट.

हो, पैसा या मंडळींचाच असतो आणि त्याशिवाय ट्रक, टी-शर्ट, जेवण यातलं काही होत नाही, हे मान्य. सरकारने विमा दिला, तेही चांगलंच केलं. पण २०२२ मध्ये विधानसभेत दहीहंडीला साहसी खेळ म्हटलं, गोविंदांना सरकारी नोकरीच्या पाच टक्के क्रीडा कोट्यात घेऊ म्हणाले. भाचा मला विचारतो, "मावशी, त्याचं सर्टिफिकेट कुठे मिळतं गं?" मी चार ठिकाणी फोन केले. कोणालाही सांगता आलं नाही. आता बोला, राजकारणाशी देणंघेणं नसलेलं पोरगं हे विचारेल का?

लिहायला बसले तेव्हा खूप चिडले होते. आता नुसतं वाईट वाटतंय. भरतीच्या मैदानी परीक्षेत पन्नास गुण असतात. धावण्याचे पस्तीस, गोळाफेकीचे पंधरा. तो उजव्या हाताने गोळा फेकतो. काल भेटायला गेले तर प्लास्टर उशीवर ठेवून डाव्या हाताने गणितं सोडवत होता. अक्षर पहिलीतल्या मुलासारखं वाकडंतिकडं. साहेबांबद्दल एक शब्द बोलला नाही. एवढंच म्हणाला, "पाच कडक लागले होते गं मावशी, सात लागलेच असते."

ग्रुपवरच्या काकांना विनंती आहे, ती क्लिप काढून टाका. आणि कोणाच्या ओळखीत गोळाफेक शिकवणारे असतील तर मला मेसेज करा. प्लास्टर निघालं की त्याला डाव्या हाताने सुरुवात करायची आहे.