‘ग्लेशियर एक्सप्रेस नाही तर आल्प्स नाही’: एका फॉरवर्डचा प्रतिवाद

उन्हाळी सुट्टीचं नियोजन सुरू झालं की स्वित्झर्लंडला निघालेल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्याचं सार असं: आल्प्स रेल्वेतून पाहायचे तर काचेच्या छताची ग्लेशियर एक्सप्रेसच, तीही सहा महिने आधी काढून ठेवा, फर्स्ट क्लासची, स्विस ट्रॅव्हल पास घेतला की बाकी सगळं फुकट, बेर्निना रेल्वेमार्गाचं शेवटचं स्टेशन तिरानो इटलीत आहे म्हणून मल्टिपल एंट्री व्हिसा लागतो, आणि बाकीच्या प्रवासाला ॲप दाखवेल ती सगळ्यात जलद गाडी पकडा. यातल्या काही वाक्यांत थोडं तथ्य आहे, म्हणूनच ती पटतात. पण तसंच्या तसं ऐकलं तर पैसे जास्त जातात आणि डोंगर कमी दिसतात.

‘ग्लेशियर एक्सप्रेसच हवी’

झरमॅट ते सेंट मोरित्झ 291 किलोमीटर, सुमारे आठ तास, 291 पूल, 91 बोगदे आणि वाटेतला सर्वोच्च टप्पा म्हणजे 2,033 मीटरवरची ओबरआल्प खिंड. गाडी सुंदरच आहे, त्यात वाद नाही. पण ज्या मीटरगेज रुळांवरून ती जाते त्यांवरून साध्या गाड्याही धावतात, साधारण दर तासाला. डिझेंटिसपर्यंत मॅटरहॉर्न गॉथार्ड बान या रेल्वे कंपनीच्या, तिथून पुढे रेटियन रेल्वेच्या. त्यांना आरक्षण लागत नाही. ग्लेशियर एक्सप्रेसला आरक्षण सक्तीचं आहे आणि त्याचे पैसे तिकिटावर वेगळे.

साध्या गाड्यांनी जायचं तर गाडी बदलायची ठिकाणं अशी: फिस्प किंवा ब्रिग, मग अँडरमॅट, मग डिझेंटिस, आणि शेवटी राइशेनाउ-तामिन्स किंवा कूर. एकूण वेळ जवळपास तितकाच लागतो. बदलायला बऱ्याचदा पाच-दहा मिनिटंच असतात, पण स्टेशनं छोटी आहेत आणि पुढची गाडी बहुधा शेजारच्याच फलाटावर उभी असते. सुटलीच तर तासाभराने पुढची आहे. आरक्षित गाडी चुकली तर त्या दिवसाचं आरक्षण गेलं.

फिलिझूरजवळचा लांडवासर पूल दोन्ही गाड्यांतून सारखाच दिसतो: 65 मीटर उंच, 136 मीटर लांब, सहा कमानी, 100 मीटर त्रिज्येचं वळण. पूल संपतो तिथे जमीनच नाही, समोर उभा कडा आहे आणि गाडी थेट त्या कड्यातल्या बोगद्यात शिरते. वळणामुळे मागच्या डब्यातल्यांना आपल्याच गाडीचं इंजिन कड्यात घुसताना दिसतं. कूरकडून सेंट मोरित्झला जाताना यासाठी उजवी खिडकी धरावी, आणि बसायचं शेवटच्या दोन डब्यांत.

दुसरी गोष्ट हवामानाची. आल्प्सची मुख्य रांग ढग अडवते; उत्तरेला दाट धुकं आणि दक्षिणेला लख्ख ऊन, किंवा नेमकं उलट, हे तिथे नेहमीचं आहे. सहा महिने आधी ठरवलेल्या तारखेला ओबरआल्पवर ढग उतरले तर काचेचं छत काय कामाचं? साध्या गाडीने जाणारा आदल्या रात्री अंदाज आणि सकाळी खिंडीवरचे वेबकॅम पाहून दिवस बदलू शकतो.

ग्लेशियर एक्सप्रेस कोणासाठी योग्य, हेही सांगायला हवं. सोबत वयस्कर आई-वडील आहेत, मोठ्या बॅगा आहेत, चारदा गाडी बदलणं जमणार नाही, तर एका जागी आठ तास बसवून नेणारी ही गाडी खुशाल घ्या.

‘नावाप्रमाणे हिमनद्या दिसतात’

एकेकाळी दिसत. 1930 मध्ये ही गाडी सुरू झाली तेव्हा मार्ग फुर्का खिंडीवरून, ऱ्होन हिमनदीच्या समोरून जायचा. हिवाळ्यात तो बर्फाखाली बंद राहायचा. 1982 मध्ये सुमारे 15 किलोमीटरचा फुर्का पायथा बोगदा सुरू झाला आणि नियमित गाड्या तेव्हापासून डोंगराच्या पोटातून जातात. ओबरवाल्ड ते रेआल्प हा जुना घाट स्वयंसेवकांनी जिवंत ठेवला आहे; तिथे फक्त उन्हाळ्यात वाफेची गाडी चालते.

हिमनदी खिडकीतून पाहायची असेल तर बेर्निना मार्ग धरा: सेंट मोरित्झ ते तिरानो. आधी मोर्टेराच हिमनदी, नंतर आल्प ग्र्यूम स्टेशनावरून पालू. खंडाळ्याच्या घाटात 37 मीटरला एक मीटर चढ आहे आणि तेवढ्यासाठी मागून ढकलणारी बँकर इंजिनं लावावी लागतात. बेर्निनाचा सर्वांत कडक चढ 14 मीटरला एक मीटर, तोही दातेरी रुळाशिवाय. ओस्पित्सिओ बेर्निनाला 2,253 मीटरवर असलेली गाडी तिरानोला 429 मीटरवर उतरते. ब्रुसिओला तर उंची कमी करण्यासाठी ती उघड्यावर एका गोल पुलावरून पूर्ण वेढा घेते आणि स्वतःच्याच कमानीखालून जाते. दक्षिणेकडे जाताना इथेही उजवी बाजू चांगली.

या मार्गावरही बेर्निना एक्सप्रेसचा आग्रह नको. तिच्या मोठ्या काचा उघडत नाहीत आणि उन्हात फोटोत आतल्या सीटचं प्रतिबिंब येतं. साध्या गाडीत पुढच्या लाल मोटार-डब्यांऐवजी मागे जोडलेल्या जुन्या डब्यांत जा. त्यांच्या खिडक्या खाली सरकतात. ऐन उन्हाळ्यात काही गाड्यांना बिनछताचे पिवळे डबे जोडतात. त्यांत बसायचं तर जुलैतही जॅकेट आणि कानटोपी हवी, खिंडीत वारा बोचतो.

‘पास घेतला की सगळं फुकट’

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच. स्विस ट्रॅव्हल पास 3, 4, 6, 8 किंवा 15 दिवसांचा मिळतो आणि ते दिवस सलग मोजले जातात. फ्लेक्स प्रकारात तेवढेच दिवस महिनाभरात सुटे वापरता येतात. गाड्या, बस, सरोवरातल्या बोटी त्यात येतात. ग्लेशियर एक्सप्रेससारख्या मोठ्या काचांच्या पॅनोरमा गाड्यांचं भाडंही येतं, मात्र आरक्षणाचे पैसे येत नाहीत. रिगीचा डोंगर पूर्ण मोफत आहे. टिटलिस आणि गोर्नरग्राट या डोंगरांवर जायला निम्मे पैसे पडतात. युंगफ्राउयोखला मात्र ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच पास चालतो. तिथून वर फक्त 25 टक्के सवलत. भाडं निम्मं करणाऱ्या हाफ फेअर कार्डवर तीच सवलत 50 टक्के आहे. युंगफ्राउयोखसारख्या महागड्या ठिकाणी हा फरक मोठा पडतो.

म्हणून पास घेण्याआधी बेरीज करा. स्विस रेल्वेच्या ॲपमध्ये प्रत्येक दिवसाच्या प्रवासाचं पूर्ण भाडं काढा, डोंगरांची तिकिटं धरा, बेरीज निम्मी करा आणि त्यात हाफ फेअर कार्डाची किंमत मिळवा. हा आकडा पासच्या खर्चाशी ताडून पाहा. पासच्या बाजूलाही डोंगरांचे उरलेले पैसे धरायला विसरू नका. रोज मुक्काम बदलणाऱ्यांना बहुधा पास परवडतो. इंटरलाकेनला चार रात्री राहून आसपास फिरणाऱ्यांना बहुधा हाफ फेअर कार्ड. आधी ठरवून काढायची गोष्ट हवीच असेल तर एका दिवसाचा सेव्हर डे पास पाहा, तो जितका लवकर काढाल तितका स्वस्त.

आणखी एक: पासचा दिवस तारखेने मोजतात. रात्री आठला झ्युरिकला उतरून त्याच दिवशी पास सुरू केला तर विमानतळ ते हॉटेल एवढ्यासाठी एक अख्खा दिवस जळतो. त्या रात्रीचं साधं तिकीट काढा. 6 ते 15 वर्षांच्या मुलांना फॅमिली कार्डावर मोफत प्रवास आहे, पण सोबत आई किंवा वडील हवेत. आजी-आजोबांबरोबर ते चालत नाही.

‘फर्स्ट क्लासच, आणि डाव्या बाजूची जागा’

ग्लेशियर एक्सप्रेसमध्ये छतापर्यंतच्या काचा दोन्ही वर्गांत आहेत. फर्स्टमध्ये एका रांगेत तीन जागा, सेकंडमध्ये चार, इतकाच खरा फरक. बाजूचं म्हणाल तर कूरला गाडीची दिशा उलटते. डावीकडे बसलेला तिथून पुढे उजवीकडे असतो. त्यामुळे पूर्ण प्रवासासाठी ‘चांगली बाजू’ अशी नसतेच.

‘ॲप दाखवेल ती सगळ्यात जलद गाडी’

इथे सहलीतले सुंदर तास नकळत हातचे जातात. झ्युरिकहून लुगानोला जलद गाडी 57 किलोमीटरच्या गॉथार्ड पायथा बोगद्यातून जाते. वीसेक मिनिटं खिडकीत नुसता काळोख. 1882 चा जुना घाटमार्ग डोक्यावर अजून चालू आहे. त्यावरून ‘त्रेनो गोत्तार्दो’ नावाची गाडी जाते. डोंगराच्या पोटात वेढे घेत रूळ इतके चढतात की वासेन गावचं पांढरं चर्च तीन वेगवेगळ्या उंचींवरून दिसतं: आधी वर, मग समोर, शेवटी खाली. बर्न ते ब्रिगचंही तेच. जलद गाड्या 2007 च्या लोच्बर्ग पायथा बोगद्यातून जातात, तर कांडरश्टेगवरून जाणारी रेजिओएक्सप्रेस जुन्या मार्गाने ऱ्होनच्या खोऱ्याच्या वर, कड्याच्या कडेने उतरते.

ॲप आपणहून हे दाखवणार नाही, ते कमीत कमी वेळ शोधतं. शोधताना ‘व्हाया’च्या रकान्यात पहिल्या प्रवासाला ग्योशेनेन आणि दुसऱ्याला कांडरश्टेग टाका. वेळ थोडा जास्त लागतो. पास असेल तर भाड्यात फरक नाही. सुटं तिकीट काढताना ते त्याच मार्गाचं आहे ना, एवढं पाहून घ्या.

‘तिरानोसाठी मल्टिपल एंट्री’

स्वित्झर्लंड आणि इटली दोन्ही शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या देशांच्या गटात आहेत. तिरानोला जेवून परत आलात तर क्षेत्राबाहेर पडलेलाच नाही. सिंगल एंट्री पुरते. पासपोर्ट मात्र जवळ ठेवा, हॉटेलच्या तिजोरीत नको, कारण सीमेवर तपासणी होऊ शकते. व्हिसाचा अर्ज करायचा तो जिथे सर्वाधिक रात्री राहणार त्या देशाकडे.

‘कोणत्याही महिन्यात जा’

दिवाळीच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी हे नीट पाहावं. ग्लेशियर एक्सप्रेस साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बंद असते. त्याच काळात अनेक रोपवेही देखभालीसाठी थांबतात, त्यामुळे प्रत्येक डोंगराच्या संकेतस्थळावर तारखा तपासूनच मुक्काम ठरवा. साध्या गाड्या तेव्हाही त्याच रुळांवरून धावतात, त्याच लांडवासरवरून, आणि सहज जागा मिळते.