फ्लोराइड पाण्यात नको, दातावर हवं

कोकणातल्या घरोघरच्या व्हॉट्सॲप गटांत फ्लोराइडचा वाद ठरलेला. एक बाजू म्हणते, हे विष, चंद्रपूर-यवतमाळकडे बघा. दुसरी म्हणते, परदेशात ते नळातूनच देतात. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत राहून सांगतो, निदान इथे तरी देत नाहीत. १९८३ साली न्यायालयाने पाण्यात फ्लोराइड घालण्याचा अधिकारच प्रादेशिक परिषदेला नाही, असा निकाल दिला. पुढे कायदा बदलला, पाणी तसंच राहिलं. मुलांचे दात सांभाळले ते 'चाइल्डस्माइल' कार्यक्रमाने: नर्सरीत रोज फ्लोराइड पेस्टने ब्रश, शिवाय वर्षातून दोनदा वार्निश, म्हणजे दातांवर फ्लोराइडचा चिकट लेप.

चंद्रपूरची भीती खरीच आहे, पण ती बोअरच्या पाण्यातल्या जादा फ्लोराइडची, ज्याने दात-हाडं बिघडतात. भारतीय मानकात मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर १.५. जांभ्यातल्या विहिरींत फ्लोराइड सहसा कमीच असतं. उन्हवरे, तुरळच्या गरम झऱ्यांची गोष्ट वेगळी. आपल्या पोरांचे दात किडतात ते आंबापोळी, फणसपोळी आणि चहात बुडवलेल्या बिस्किटाने. पोळी दाढेच्या खाचेत चिकटते ती तासभर सुटत नाही.

वार्निश म्हणजे राळेत मिसळलेलं ५ टक्के सोडियम फ्लोराइड, २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग फ्लोराइड). आकडा ऐकून आजी घाबरेल, पण दुधाच्या दातांना लागतं ०.२५ मिली. ते सगळं गिळलं तरी पोटात जातं साडेपाच मिलिग्रॅमच्या आसपास. १२ किलोच्या मुलाला धोक्याची पातळी ६० मिलिग्रॅमची धरतात.

लावायला पाच मिनिटं लागतात. आई आणि लावणारा गुडघ्याला गुडघा लावून बसतात, मूल आईकडे तोंड करून तिच्या मांडीवर बसतं आणि मागे आडवं होतं, डोकं लावणाऱ्याच्या मांडीवर. दात गॉजने पुसायचे. अगदी कोरडे नसले तरी चालतात, लाळ लागली की वार्निश घट्ट होतं. वार्निशची पुडी आधी नीट ढवळायची, कारण फ्लोराइड तळाशी बसतं. न ढवळता लावलं तर वर नुसती राळ येते. थर पातळ हवा. वरच्या पुढच्या दातांना हिरडीलगत पांढरे डाग असतील तर आधी तिथे लावायचं. तिथली कीड अजून मागे फिरू शकते. पडलेलं भोक फिरत नाही, ते भरावंच लागतं. चार तास कडक किंवा गरम खाणं नको, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी. दात पिवळट दिसले तर घाबरू नये. राळेची ॲलर्जी, दम्यासाठी कधी रुग्णालयात दाखल झालेलं मूल किंवा हिरडीला जखमा असतील तर लावू नये.

वार्निशचे गोडवे गाणाऱ्यांना मात्र एक टोचणी. स्कॉटलंडमध्येच नर्सरीतल्या तीन वर्षांच्या मुलांवर चाचणी झाली. रोजच्या ब्रशवर वार्निशची भर घालून ठोस फायदा सिद्ध झाला नाही. म्हणजे पहिलं काम पेस्टचं. भारतात पेस्टमध्ये १००० पीपीएमपर्यंतच परवानगी आहे आणि लहानांच्या काही पेस्टमध्ये तर फ्लोराइड शून्य, तेव्हा ट्यूबमागचा आकडा वाचून घ्या. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी. थुंकायचं, चूळ भरायची नाही.

जिथे रोज ब्रश होत नाही, तिथे वार्निश कामाचं ठरतं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येतंच आणि दातांची कीडही बघतं. त्याच फेरीत पालकांची लेखी संमती घेऊन वार्निश लावता येईल. सहाव्या वर्षी येणाऱ्या पक्क्या दाढेच्या खोल खाचांसाठी मात्र सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा लेप लागेल, आणि त्यासाठी मुलाला दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत न्यावं लागेल.